फाइलचा अंगठा जुळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी छोट्या कारखान्यांचे, सीए मंडळींचे आणि दोन-तीन क्लासेसचे कॉम्प्युटर सांभाळतो. हॅश, चेकसम हे शब्द निघाले की सगळीकडून तेच प्रश्न येतात. फोनवर दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच टाकाव्या लागतात.

हॅश म्हणजे नेमकं काय?

फाइलचा अंगठा. फाइलमधला एकूण एक बाइट ठरलेल्या गणितातून जातो आणि शेवटी ठरावीक लांबीचा आकडा बाहेर पडतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा, म्हणजे २५६ शून्य-एकांचा, असतो आणि स्क्रीनवर ६४ अक्षरांत दिसतो: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरं. फाइल तीच आणि पद्धत तीच असेल तर उत्तरही तेच, मग कॉम्प्युटर नवी पेठेतल्या दुकानातला असो नाहीतर अमेरिकेतला. आतला एक बिट जरी बदलला तरी जवळपास निम्मे बिट पालटतात आणि नवा आकडा जुन्याच्या ओळखीचाही वाटत नाही.

हे घरी करून बघा. लहान लिपीत नुसतं ‘हॅलो’ लिहिलं, पाच रोमन अक्षरं, तर त्याचा एसएचए-२५६ सुरू होतो २सीएफ२४डीबीए असा. त्याच पाच अक्षरांपुढे फक्त एंटर मारला, डोळ्यांना काही फरक दिसत नाही, तर तो सुरू होतो ५८९१बी५बी५ असा. लिनक्सची ‘इको’ कमांड शेवटी गुपचूप एंटर जोडते. ‘इको -एन’ लिहिल्याशिवाय ती थांबत नाही, आणि यावर क्लासमधल्या प्रत्येक बॅचची अर्धा-अर्धा तास डोकेफोड होते.

माणसाच्या अंगठ्यापेक्षा हा अंगठा पक्का. विडी वळून बोटं गुळगुळीत झालेल्या मावशी रेशन दुकानात मशीनवर चार-चार वेळा अंगठा दाबतात, तरी “जुळंना की!” म्हणून बाजूला उभं राहावं लागतं. फाइलच्या बाबतीत ‘जरा पुसून परत लावा’ हा प्रकार नाही. जुळला तर पूर्ण जुळतो, नाहीतर अजिबात नाही.

तीन तासांचा सिनेमा ६४ अक्षरांत कसा मावेल?

मावत नाहीच. अंगठ्याच्या ठशावरून माणूस घडवता येत नाही, तशी हॅशवरून फाइल परत मिळत नाही. ती फक्त ओळख आहे.

याचाच पुढचा प्रश्न: मग दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येऊ शकतो का? गणिताने बघितलं तर हो. फाइली अमर्याद आणि आकडे मर्यादित, म्हणजे कुठेतरी दोघं एका खुर्चीवर बसणारच. पण या खुर्च्या मोजायच्या तर ७८ अंकी संख्या लागते. एसएचए-२५६ची अशी एकही जोडी आजवर कोणी दाखवलेली नाही. जुन्या पद्धतींचं मात्र तसं नाही. ते पुढे येतंच.

डाउनलोड शंभर टक्के झालं, फाइलचा आकारही बरोबर दिसतो. मग तपासायचं कशाला?

आकार, नाव आणि तारीख या तिन्ही गोष्टी बरोबर असूनही आतली फाइल बिघडलेली असू शकते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यातला प्रसंग. डिझायनरने मोराचं नवं डिझाइन पेन ड्राइव्हवर दिलं आणि ते इलेक्ट्रॉनिक जकार्डच्या, म्हणजे फाइल वाचून नक्षी विणणाऱ्या, मशीनवर चढलं. वीसेक चादरी निघाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की मोराच्या मानेवर एक आडवी तुटक रेघ आहे, आणि ती प्रत्येक चादरीत त्याच जागी आहे. मालक डिझायनरवर तापले. डिझायनर म्हणाला, “अण्णा, माझ्या स्क्रीनवर बघा, रेघ कुठंय?” खरंच नव्हती. मागवाल्याने मागाची सगळी तपासणी केली. ताणा ठीक, बाणा ठीक. मला बोलावलं ते पार संध्याकाळी. दोन्हीकडच्या फाइली समोर घेतल्या: नाव तेच, आकार बाइटन् बाइट तेवढाच, तारीखही तीच. हॅश काढला तर पहिल्या अक्षरापासून वेगळा. पेन ड्राइव्हचा एक तुकडा खराब झाला होता आणि नेमका त्यात मोराच्या मानेचा भाग पडला होता. पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायच्या काळात एक भोक चुकलं की नक्षीत तीच चूक फिरून फिरून यायची. तोच प्रकार, फक्त भोक डोळ्यांना दिसायचं.

आजकाल एचटीटीपीएसमुळे, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधल्या कुलूपबंद जोडणीमुळे, वाटेत बाइट बिघडण्याचं प्रमाण खूप कमी झालंय, हे मान्य. पण वाटेनंतरही बरंच काही असतं: मधेच लाइट जाते, हार्ड डिस्क म्हातारी असते, रॅमची एखादी पट्टी सदोष असते. आणि फाइल मुद्दाम बदलणारे लोक वेगळेच.

विंडोजवर हॅश कसा काढायचा?

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, पुढे फाइलचं नाव, पुढे ‘एसएचए२५६’ असं लिहा. शेवटचा शब्द विसरलात तर तो एसएचए-१ काढून देतो आणि मग ‘जुळत नाही’ म्हणून मला फोन येतो. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ आणि फाइलचं नाव एवढं पुरतं, कारण तिथे न सांगता एसएचए-२५६च निघतो. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून त्याच्या सीआरसी-एसएचए मेनूतूनही मिळतो; टायपिंगचा कंटाळा असणाऱ्यांना तेच सोपं.

पॉवरशेल अक्षरं मोठ्या लिपीत दाखवतो, लिनक्स लहान लिपीत. त्याने काही बिघडत नाही.

लिनक्स आणि मॅकवर?

लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ आणि फाइलचं नाव. मॅकवर ‘शासम -ए २५६’ आणि फाइलचं नाव.

मग ती ६४ अक्षरं एकेक करून वाचायची का?

अजिबात नाही. आणि लोक जे करतात, म्हणजे पहिली चार आणि शेवटची चार बघून “झालं, जुळलं” म्हणतात, तेही करू नका. पेन ड्राइव्हमुळे बिघडलेली फाइल त्यात पकडली जाईल. पण मुद्दाम फसवणाऱ्याला टोकाची आठ अक्षरं जुळवायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न पुरतात, आणि आजच्या ग्राफिक कार्डाला तेवढं म्हणजे किरकोळ काम.

जुळवणीही कॉम्प्युटरलाच करू द्या. लिनक्सच्या बहुतेक डाउनलोडबरोबर हॅशची यादी असलेली छोटी फाइल मिळते. उबुंटूच्या यादीचं नावच ‘एसएचए२५६सम्स’ आहे. ती आणि आयएसओ (अख्खी सिस्टीम असलेली डाउनलोडची मोठी फाइल) एकाच फोल्डरमध्ये ठेवून ‘एसएचए२५६सम -सी’ आणि यादीचं नाव लिहा. फाइलपुढे ‘ओके’ नाहीतर ‘फेल्ड’ येतं. यादीत इतर दहा फाइलींची नावं असतील तर ‘--इग्नोअर-मिसिंग’ जोडा, नाहीतर न उतरवलेल्या फाइलींबद्दल ती रडत बसते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये दोन्ही आकडे अवतरणचिन्हांत टाकून मधे ‘-ईक्यू’ लिहिलं की ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ मिळतं.

जुळला नाही. व्हायरस आला का?

बहुतेक वेळा नाही. घाबरण्याआधी एवढं बघा.

समोरच्या हॅशची लांबी मोजा. ३२ अक्षरं असतील तर तो एमडी५, ४० असतील तर एसएचए-१, ६४ असतील तर बहुधा एसएचए-२५६ आणि १२८ असतील तर बहुधा एसएचए-५१२. वेगळ्या पद्धतीचे आकडे एकमेकांशी ताडून बघणारे लोक दर महिन्याला एक तरी भेटतात.

मग आवृत्ती बघा. साइटवर नवी आवृत्ती चढलेली असते आणि तुमची फाइल गेल्या आठवड्याची असते.

मग फाइलचा आकार बघा. सहा जीबीच्या जागी चार केबी दिसले तर ती आयएसओ नव्हेच. हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायने लॉगिनचं पान तुमच्या हाती दिलं आणि ब्राउझरने तेच फाइलच्या नावाने जतन केलं. आणि एसएचए-२५६ जर ई३बी०सी४४२ असा सुरू होत असेल, किंवा एमडी५ डी४१डी८सीडी९ असा, तर फाइल साफ रिकामी आहे, शून्य बाइट. हे दोन आकडे मला आता पाठ झालेत, पावकी-निमकीसारखे.

हे सगळं बघूनही जुळत नसेल तर फाइल काढून टाका आणि पुन्हा उतरवा, जमल्यास दुसऱ्या मिररवरून, म्हणजे तीच फाइल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून. दोन्ही वेळा चुकीचा पण एकसारखा हॅश आला तर मात्र ती फाइल उघडू नका. वाटेत बिघडलेली फाइल दर वेळी वेगळी बिघडते. दोनदा तशीच आली, याचा अर्थ तिकडे ठेवलेली फाइलच निराळी आहे.

जुळला! म्हणजे फाइल सुरक्षित, बरोबर?

इथेच गाडं अडतं. हॅश फक्त एवढंच सांगतो की तुमच्याकडची फाइल ‘त्या’ फाइलसारखीच आहे. ‘ती’ कोणती, याबद्दल तो गप्प असतो.

सोलापूरच्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात लेबल सोलापूरचं आणि माल भलतीकडचा, हे आपण सर्रास बघतो. लेबल आणि चादर एकाच दुकानातून आली असतील तर लेबलावर बोट ठेवून काय सिद्ध होणार?

२० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्या बाबतीत हेच झालं. हल्लेखोर त्यांच्या वेबसाइटमध्ये शिरले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक त्यांनी मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलेल्या स्वतःच्या आयएसओकडे वळवली. ज्याच्या हातात साइट आहे, तो लिंक बदलू शकतो तसा शेजारी छापलेला हॅशही बदलू शकतो. त्यामुळे फाइल आणि हॅश एकाच पानावरून घेऊन जुळवले तर बिघाड पकडला जातो, लबाडी पकडली जाईलच असं नाही.

यावर उपाय म्हणजे डिजिटल सही. हॅशच्या यादीवर बनवणारे आपल्या खासगी चावीने सही करतात आणि तुम्ही ती ‘जीपीजी --व्हेरिफाय’ने तपासता. साइट फोडणाऱ्याकडे ती चावी नसते. मात्र सही तपासायची सार्वजनिक चावी त्याच पानावरून घेतलीत तर परत तीच गत. ती दुसऱ्या वाटेने घ्या: आधीच्या आवृत्तीत आलेली, लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्या (उबुंटू, फेडोरा अशा प्रकाराच्या) पॅकेजमधली, किंवा दोन-तीन वेगळ्या ठिकाणी छापलेला चावीचा ठसा ताडून बघितलेली. ‘गुड सिग्नेचर’च्या खाली जीपीजी बऱ्याचदा एक इशारा छापतो की ही चावी त्याच माणसाची आहे याची खात्री नाही. लोक तो वाचून दचकतात. सही चुकली असा त्याचा अर्थ नसतो. चावी कोणाची हे तुम्ही अजून त्याला सांगितलेलं नाही, एवढंच.

आणि सहीलाही मर्यादा आहेत. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. ते बसवणारा बाहेरचा चोर नव्हता. दोन-अडीच वर्षं काम करून विश्वास मिळवलेला आतलाच माणूस होता. सही खरी, हॅश खरा, आणि आत विष. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने, कारण एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याच्या नजरेत भरलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे टॅली उघडायला तीन मिनिटं लागली तरी कोणी तक्रार करत नाही.

एमडी५ अजून चालतो का?

पेन ड्राइव्हवरची कॉपी नीट झाली का, एवढं बघायला चालतो. कोणी मुद्दाम फसवण्याची शक्यता असेल तिथे नाही.

रॉन रिव्हेस्ट यांनी तो १९९१मध्ये बनवला. २००४मध्ये चीनच्या शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या जोड्या प्रत्यक्ष काढून दाखवल्या. २०१२मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रॅमने याच कमजोरीचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टची वाटेल अशी बनावट सही तयार केली होती. एसएचए-१चीही तीच गोष्ट: २०१७मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गुगल यांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगापुढे ठेवल्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०३०च्या अखेरपर्यंत तो वापरातून काढायचं ठरवलंय.

एक फरक लक्षात घ्या. या सगळ्यांत हल्लेखोराने दोन्ही फाइली स्वतः घडवल्या होत्या. तुमच्या आधीच असलेल्या फाइलला जोडीदार शोधणं एमडी५मध्येही व्यवहारात अजून जमलेलं नाही. पण एसएचए-२५६ फुकट मिळत असताना हा हिशेब करत कशाला बसायचं?

पेन ड्राइव्हवर कॉपी केली, लगेच हॅश काढला, जुळला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे फाइल उघडेना. कसं काय?

कारण तुम्ही पेन ड्राइव्ह तपासलाच नव्हता. नुकतीच लिहिलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीम रॅममध्ये धरून ठेवते. लगेच वाचायला गेलात की ती रॅममधलीच चांगली प्रत पुढे करते. आधी ‘इजेक्ट’ करा, पेन ड्राइव्ह काढा, परत लावा आणि मग हॅश काढा. दोन मिनिटं जास्त जातात.

यात्रेच्या गड्ड्यात स्वस्तात १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला असेल तर हे नक्की करा. मी स्वतः असा एक घेतला होता. आत खरी जागा आठ जीबीच होती. विंडोजला तो बिनदिक्कत १२८ सांगायचा, आणि आठच्या पुढचं सगळं लिहिलं कुठे जायचं देव जाणे. फाइलींची नावं सगळी दिसायची. हॅश काढल्यावर पितळ उघडं पडलं. अशा मालासाठी लिनक्सवर एफ३ नावाचं साधन आहे: ते पूर्ण ड्राइव्ह भरतं आणि परत वाचून खरी जागा किती ते सांगतं.

ऑपरेटिंग सिस्टीमच्याच फाइली कोणी बदलल्यात का, हे कसं कळेल?

विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. ती संरक्षित सिस्टीम फाइली डिस्कवरच्याच एका कोठारातल्या प्रतींशी ताडते आणि बिघडलेली बदलून टाकते. कोठारच सडलं असेल तर आधी ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ चालवा, ती विंडोज अपडेटवरून ताजा माल आणते, आणि मग पुन्हा एसएफसी.

रेड हॅट, फेडोरा या लिनक्स घराण्यात ‘आरपीएम -व्हीए’. उत्तरात प्रत्येक बदललेल्या फाइलपुढे टिंबं आणि अक्षरं येतात: एस म्हणजे आकार बदलला, एम म्हणजे परवानग्या, टी म्हणजे वेळ, आणि ५ म्हणजे हॅश बदलला. ५ हे एमडी५च्या जमान्यातून राहिलेलं नाव. पुढे लहान ‘सी’ असेल तर ती कॉन्फिगरेशन फाइल आहे. ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरखालच्या फाइलपुढे ५ आणि सी दिसलं तर बहुधा तुम्हीच कधीतरी सेटिंग बदललंय, चहा पिऊन या. पण ‘यूएसआर/बिन’ या प्रोग्रॅमच्या फोल्डरखालच्या ‘एलएस’ किंवा ‘पीएस’पुढे ५ दिसला तर चहा राहू द्या आणि आधी नेटवर्कची वायर काढा.

डेबियन आणि उबुंटूवर ‘डीपीकेजी -व्ही’ किंवा ‘डेबसम्स’. हे अजून पॅकेजबरोबर आलेले एमडी५च वापरतात, आणि ती यादी त्याच मशीनवर असते. रूट, म्हणजे मशीनवरचे सर्वाधिकार, मिळवलेला माणूस फाइल बदलून यादीही दुरुस्त करू शकतो. म्हणजे अपघात शोधायला उत्तम, घरभेदी शोधायला अर्धवट.

मग सर्व्हरसाठी पक्का उपाय कोणता?

सिस्टीम नवी कोरी असताना सगळ्या महत्त्वाच्या फाइलींचे ठसे घेऊन ठेवायचे आणि नंतर रोज ताडायचे. ही कल्पना रुळली ट्रिपवायरमुळे, जो पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी १९९२मध्ये तयार केला. लिनक्सवर मी त्याच कामाचं एड (रोमनमध्ये ए-आय-डी-ई) हे साधन वापरतो. ‘एड --इनिट’ने पहिली नोंदवही तयार होते, तिच्या नावातला ‘न्यू’ काढायचा, आणि मग ‘एड --चेक’ रात्री आपोआप चालवायचं.

वाचायला सोपं, पण बहुतेकांचं घोडं पुढे पेंड खातं. सुरुवातीला लोक अख्खी डिस्क नजरेखाली घेतात. लॉग फाइली तर दर मिनिटाला बदलतात, त्यामुळे पहिल्याच सकाळी हजार ओळींचा अहवाल येतो. दुसऱ्या दिवशी तो वरवर चाळला जातो. आठवड्याने मेलमध्ये त्याच्यासाठी वेगळा फोल्डर होतो, आणि तो फोल्डर कोणी उघडत नाही. एका ठिकाणी मी असे चौदा महिन्यांचे न उघडलेले अहवाल मोजलेत. म्हणून आधी थोडंच घ्या: प्रोग्रॅमचे फोल्डर, ‘ईटीसी’, बूटचा भाग. अहवाल रोज रिकामा आला पाहिजे. रिकामा यायची सवय झाली की ज्या दिवशी तीन ओळी येतील त्या दिवशी तुम्ही त्या वाचाल.

अपडेट टाकल्यावर शंभर फाइली हक्काने बदलतात. तेव्हा क्रम असा: अपडेटच्या आधी एकदा ताडा, मग अपडेट करा, मग ‘--अपडेट’ने नवी नोंदवही घ्या. आधी ताडलं नाही तर चोराचे बदलही अपडेटच्या गर्दीत नव्या वहीत पावन होऊन जातात.

नोंदवही त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच टांगणं. दुसऱ्या मशीनवर, किंवा फक्त वाचता येईल अशा माध्यमावर ठेवा. आणि संशय दाट असेल तर चालू सिस्टीममधून तपासूच नका. रूटकिट (स्वतःला लपवणारा चोर प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसला असेल तर ‘एड’ने फाइल मागितली की तो जपून ठेवलेली जुनी चांगली फाइल दाखवतो आणि चालवताना वेगळीच चालवतो. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि बाहेरून डिस्क तपासा.

सिस्टीम स्वतःच हे करत नाही का, फाइल उघडतानाच?

बऱ्याच करतात, आणि तुमच्या खिशातला फोन त्यात आहे. अँड्रॉइडमध्ये डीएम-व्हेरिटी आहे: सिस्टीमचा भाग चार-चार केबीच्या तुकड्यांत वाटून प्रत्येकाचा हॅश, त्या हॅशांचे पुन्हा हॅश, असं करत वर एकच मूळ ठसा राहतो आणि त्यावर सही असते. तुकडा वाचताना त्याच्यापासून वरपर्यंतची साखळी जुळली नाही तर तो वाचूच देत नाही. ॲपलने २०२०च्या बिग सर आवृत्तीपासून मॅकच्या सिस्टीम भागाला असंच सील लावलंय.

लिनक्स कर्नलमध्ये आयएमए ही अशीच तपासणी २००९पासून आहे. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममधला व्हेरिएक्झेक मला मात्र जास्त आवडतो, कारण त्याचा विचार सरळ आहे: ठशांची यादी कर्नलला आधीच द्या, प्रोग्रॅम चालवायची वेळ आली की कर्नल ताडतो. सुरुवातीच्या पातळीवर तो फक्त शिकतो, पुढच्या पातळीवर न जुळलेला प्रोग्रॅम अडवतो, आणि सर्वात कडक पातळीवर यादीबाहेरच्या कशालाच हात लावू देत नाही. ऑफिसच्या डेस्कटॉपवर हे लावलंत तर दुपारपर्यंत सगळे तुमच्या नावाने ओरडतील. वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या मशीनसाठी मात्र मस्त आहे.

फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलतो का?

नाही. हॅश आतल्या मजकुराचा असतो. नाव, तारीख आणि फोल्डर त्यात धरत नाहीत.

वर्डची फाइल उघडून काहीही न बदलता सेव्ह केली तर मात्र बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आकसून जातो, म्हणून त्याचाही बदलतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. जकार्डची डिझाइनं पाठवणाऱ्यांनी हे टेबलासमोर लिहून चिकटवावं.

झिप फाइलमध्ये आधीच तपासणी असते ना?

असते, पण ती सीआरसी-३२, म्हणजे ३२ बिटांची. अपघाती बिघाड पकडते. मुद्दाम जुळवून आणणं सोपं आहे.

जुन्या बॅकअपचं काय? टॅलीचा डेटा तर रोज बदलतो.

चालू वर्षाच्या डेटाचा हॅश काढून उपयोग नाही. उद्या सकाळी पहिली नोंद पडली की तो शिळा. वर्ष बंद झालं, ऑडिट झालं, आता कोणी हात लावणार नाही, अशा बॅकअपचा काढा. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवा आणि दर सहा महिन्यांनी दोन्हीचे हॅश ताडा. न हलवता ठेवलेल्या डिस्कवरही बिट सडतात, आणि एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती फाइलच्या मजकुराची अशी तपासणी ठेवत नाहीत. झेडएफएस आणि बीटीआरएफएस ठेवतात. दुसरी प्रत असेल तर त्यावरून दुरुस्तही करतात.

हॅश बिघाड सांगतो, दुरुस्त करत नाही. दुसरी प्रत नसेल तर तो फक्त वाईट बातमी देणारा माणूस आहे.

कोर्टात हॅशला किंमत आहे का?

आहे, आणि आता ती छापील आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यायचं, त्याच्या नमुन्यात हॅशचा आकडा आणि पद्धत लिहायची जागा आहे. सीसीटीव्हीचं फुटेज काढून देणाऱ्या दुकानदारांनी आणि वकिलांकडच्या मुलांनी हे शिकून घ्यावं. फुटेज काढल्या क्षणी हॅश घ्या, मग प्रती करा. नमुन्यात एसएचए-१ आणि एमडी५ हेही पर्याय आहेत. तरी एसएचए-२५६वर खूण करा. प्रमाणपत्र कसं भरायचं ते वकिलाला विचारा, मला नको.

पासवर्डचा हॅश म्हणतात तो हाच का?

जात तीच, पोटजात वेगळी. फाइलचा हॅश झटपट निघावा लागतो. पासवर्डचा मुद्दाम सावकाश निघावा लागतो, म्हणजे चोराला कोट्यवधी अंदाज करून बघता येऊ नयेत. त्यासाठी बीक्रिप्ट आणि आर्गॉन२ यांसारख्या पद्धती आहेत. नुसत्या एसएचए-२५६मध्ये पासवर्ड ठेवणारं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

हॅश लिहून ठेवायचा कुठे?

फाइलपासून लांब. मी बॅकअपचा हॅश स्वतःलाच मेल करतो, आणि कारखान्यांसाठी छापून देतो. मोराच्या डिझाइनवाल्या मालकांनी तर वेगळीच पद्धत काढली आहे: प्रत्येक मंजूर डिझाइनच्या नमुना चादरीला मागच्या बाजूने एक चिठ्ठी टाचलेली असते, तिच्यावर डिझाइनचा नंबर आणि खाली ६४ अक्षरं. मागावर चढवण्याआधी मागवाला मशीनवरच्या फाइलचा हॅश काढतो, मग एकजण चिठ्ठी वाचतो आणि दुसरा स्क्रीनवर बोट फिरवतो. वर मी डोळ्यांनी जुळवू नका म्हणालो खरं, पण हे दोघं टोकं बघून सोडत नाहीत. चौसष्टच्या चौसष्ट मोठ्याने वाचतात.